कोल्हापूरचा टाऊन हॉल

कोल्हापुरात एका बागेत काळ्या दगडाची जुनी इमारत उभी आहे. तिला सगळे टाऊन हॉल म्हणतात. टाऊन हॉल म्हणजे शहरातील लोकांनी एकत्र जमण्याचे सभागृह. कोल्हापूर हे संस्थानाचे लहानसे शहर होते, तेव्हा १८७२ ते १८७६ या काळात ही इमारत बांधली गेली. तिचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्याचा. टोकदार कमानी, उतरते छप्पर आणि आकाशाकडे निमुळते होत गेलेले मनोरे पाहिले की पाय आपोआप थांबतात. या शैलीला गॉथिक म्हणतात.

"ही तर इंग्रजांची इमारत! तिचे आपल्याला काय कौतुक?" असे काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. तिचा काळा दगड आपल्याच मातीतला आहे. आणि ती टोकदार कमान? युरोपात गॉथिक शैली बाराव्या शतकात सुरू झाली. कैरो शहरातील इब्न तुलून मशीद मात्र ८७९ मध्येच पूर्ण झाली होती आणि तिच्या कमानी टोकदारच आहेत. विजापूरच्या आदिलशाही इमारतींतही अशा कमानी दिसतात. मग ही कमान नेमकी कोणाची म्हणायची? कला एका देशातून दुसऱ्या देशात जाते, ती कोणाची परवानगी विचारत नाही.

दुसरे म्हणणे खर्चाचे आहे. जुन्या इमारतीची दुरुस्ती महाग पडते, ती पाडून दुकाने बांधावीत, असे गावोगावी ऐकू येते. दुरुस्ती महाग असते, हे खरे आहे. दगडाचे काम जाणणारे गवंडीही सहज मिळत नाहीत. पण बंद घराची कौले आधी फुटतात. वापरातल्या घराकडे कोणाचे तरी लक्ष असते. टाऊन हॉलला सुदैवाने नवे काम मिळाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झाले. तेथे जुन्या काळच्या अनेक वस्तू सापडल्या. त्यांत रोमन समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्तीही होती. या वस्तूंसाठी संग्रहालय सुरू झाले आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलमध्ये आले.

संग्रहालय झाले, हे उत्तमच. तरीही एक गोष्ट मला खटकते. सभेसाठी बांधलेल्या दालनात आता लोक फक्त पाहायला येतात. वर्षातून एक संध्याकाळ तरी तेथे नागरिकांची सभा भरवावी. विषय पाण्याचा असो की रस्त्यांचा. खुर्च्या बागेत मांडल्या तरी चालतील.