दीड फुटाची बाग

परवा दादाचा फोन आला. "त्या बोळीत पेव्हिंग ब्लॉक टाकून देतो. मिस्त्री आलेलाच आहे, झंझट मिटेल."

बोळ म्हणजे वडनेर भोलजीच्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली पट्टी. पुढे साडेतीन फूट, मागे मोरीपाशी जेमतेम दीड. मधेच कंपाउंड वाकलेलं. (मोजणीचा वाद, आजोबांच्या काळापासूनचा. असो.)

दादा, तू हे वाचणारच, म्हणून इथेच भांडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. ती भिंत दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत आईच्या खोलीत आग ओकते. तिच्या पायाशी ब्लॉकचा तवा ठेवायचा आणि मग मोठा कूलर घ्यायचा, हे कुठलं झंझट मिटवणं?

तुझा एक मुद्दा मान्य. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पायाला धोका असतो. मग पायाशी अर्धा फूट उताराची फरशी कर आणि मोठं झाड लावू नकोस. सगळी जमीन कशाला बुजवायची?

आणि त्या नर्सरीवाल्याचं तर अजिबात ऐकू नकोस. म्हणे कोनोकार्पस लावा, वर्षात हिरवंगार! मुळं पाइपात अन् गटारात शिरतात आणि परागांनी सर्दी-दम्याचा त्रास होतो म्हणून गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपली मोरी तर तिथेच.

लावायचं काय, तर जे तिथे मुळात होतं ते. पुढच्या रुंद तोंडाशी गोडलिंब. त्याला फुटवे येतात, ते काढत राहायचे, नाहीतर बोळच त्याची होईल. मधल्या वाकड्या जागेत अडुळसा. तो छाटला की आटोपशीर राहतो, आणि फाटक उघडं राहिलं तरी शेळ्या तोंड लावत नाहीत. भिंतीपासून चार बोटं लांब तारा ताणून त्यावर मधुमालती चढवायची, म्हणजे वेल आणि भिंत यांच्यात हवा खेळते. ऊन पानांवर पडेल, विटांवर नाही. मागच्या दीड फुटात मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि अळू. नळ रोज येत नाही, पण भांडी तर रोजच घासली जातात ना? चालायला सुट्या शहाबादी फरश्या, मधे माती ठेवून. आणि सरळ रांगेचा हट्ट नको. जागाच वाकडी आहे, झाडांनी कशाला कवायत करायची?

हे सगळं दादाला पटलं की नाही, माहीत नाही. काल आईला फोन केला. म्हणाली, "मिस्त्रीले च्या पाजून वापस पाठोलं म्या. कर्दळीचे कांदे कोठून आणू, ते सांग आधी."