सिटी सेंटरमधला ‘ळ’

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

बारावीची परीक्षा संपल्यावर तीन महिने मी ग्वाल्हेरला मामाकडे होतो. त्या काळात सिटी सेंटरमधल्या एका लहानशा कॉम्प्युटरच्या दुकानात काम केले. दुकान कसले, एक खोलीच ती! तीन कॉम्प्युटर, दोन प्रिंटर आणि दारातच झेरॉक्सचे मशीन. जीवाजी विद्यापीठ जवळ, त्यामुळे फॉर्म भरणाऱ्या विद्यार्थ्यांची रीघ असे. शिवाय अर्ज, भाड्याचे करार, प्रतिज्ञापत्रे. कॉमर्सचा मुलगा हिशेब बघेल म्हणून मला ठेवले होते, पण बहुतेक वेळ टायपिंगमध्येच जाई.

ग्वाल्हेर हे शिंद्यांचे गाव. लष्कर भागात आजही मराठी घरे आहेत, पण कागदोपत्री काळ्यांचे ‘काले’ झालेले असतात. एकदा एक आजोबा आले. शाळेच्या जुन्या दाखल्यात आडनावाला ‘ळ’, पेन्शनच्या कागदात ‘ल’. ही दोन्ही माणसे एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र त्यांना हवे होते. “अरे बाळा, सही तर मी जन्मभर ‘ळ’नेच करत आलो,” ते म्हणाले. दोष हिंदीचा नाही. तिथे ‘ळ’ची गरजच क्वचित पडते. की-बोर्डावर तो होता, पण टाइप करणाऱ्याचे बोट तिकडे जात नसे.

खरी अडचण आणखी खोल आहे. दुकानात कृतिदेव फॉन्ट होता. अशा जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात रोमन अक्षरेच साठतात; फॉन्ट त्यांना देवनागरीचा अंगरखा घालतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की अंगरखा उतरतो आणि माणसाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये मात्र ‘ळ’ला स्वतःचा क्रमांक आहे. तो कुठेही गेला तरी ‘ळ’च राहतो.

आता आपल्या बेळगावकडे वळू. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी की-बोर्डाची एक प्रमाण रचना ठरवली आणि १९८८ मध्ये ती सुधारली. तिचे नाव इन्स्क्रिप्ट. तिच्यात रोमन एन्‌च्या बटणावर ‘ल’ आहे. शिफ्ट धरून तेच बटण दाबले की ‘ळ’. आणि गंमत अशी, की कन्नडमध्येही हुबेहूब तेच! मराठीतला ‘काळे’ असो की कन्नडमधली ‘हळ्ळी’, बोट एकाच जागी पडते. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून सोयीचे काय असणार? तरीही कॉमर्सची मुले टॅली शिकतात आणि स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत टाइप करायची वेळ आली की दुकानदाराकडे धावतात.

मित्र म्हणतात, मोबाईलवर रोमन अक्षरे दाबली तरी मराठी उमटते, मग हा खटाटोप कशाला? गप्पांपुरते ठीक आहे. पण तिथे एल् दाबल्यावर ‘ल’ यावा की ‘ळ’, हे आधी यंत्र ठरवते, मग आपण दुरुस्त करायचे. दिवसाला पन्नास प्रतिज्ञापत्रे टाइप करणाऱ्याला एवढी सवड नसते.

माझे स्पष्ट मत आहे, की पहिल्या वर्षालाच महिनाभर इन्स्क्रिप्ट शिकवावे, मराठी आणि कन्नडच्या मुलांना एकाच वर्गात. वेगळा खर्च नाही. विंडोजमध्ये ही रचना मिळतेच. आणि आपल्या लॅबमधले कॉम्प्युटर दुपारी तीननंतर रिकामेच असतात.