फलकावर चेहरा कुणाचा?

दागिन्यांच्या जाहिरातीतील वधू कशी असावी, याविषयी व्यापारात एक अलिखित संकेत आहे. ती गौरवर्णी, विशीतील आणि प्रथमच बोहल्यावर चढणारी असते. २०१३ साली ‘तनिष्क’ने हा संकेत मोडला. गौरी शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या छोट्या चित्रफितीत एक सावळी स्त्री दागिने लेवून सज्ज होते. तिच्याभोवती घुटमळणारी चिमुरडी तिचीच लेक आहे आणि हा तिचा दुसरा विवाह आहे, हे आपल्याला हळूहळू उमगते. मुलगी फेऱ्यांत येण्याचा हट्ट धरते, तेव्हा वर तिला कडेवर घेऊन फेरे घेतो. उपदेशाचा एक शब्दही तेथे नाही.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने यात आश्चर्य ते कसले? पुनर्विवाह करणारी स्त्रीही सोने घेते, सावळी मुलगीही शालू घेते, आणि काठी टेकीत आलेले आजोबा नातीच्या लग्नाची खरेदी रोखीने करतात. आपल्या खतावणीत या साऱ्यांची नावे आहेत. फलकावर मात्र यांतील एकही चेहरा दिसत नाही.

वर्णाच्या बाबतीत तर या व्यवसायाने फार मोठे नुकसान केले. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली. रंग उजळला की नोकरी मिळते, स्थळ चालून येते, हे तिच्या जाहिरातींनी घरोघरी बिंबवले. जाहिरातदारांनीच १९८५ मध्ये स्थापन केलेल्या ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिल’ने २०१४ साली नियम केला, की सावळ्या व्यक्तीला दुःखी, अपयशी वा अनाकर्षक दाखवू नये. २०२० मध्ये मलमाच्या नावातून ‘फेअर’ गेले, ‘ग्लो’ आले. नावातला एक शब्द बदलावयास ४५ वर्षे लागली! (विवाहेच्छूंच्या जाहिरातींतील ‘गोरी’ अद्याप गेलेली नाही, हेही येथेच नोंदवून ठेवतो.)

बदल झालाच नाही, असे मात्र नव्हे. ‘विक्स’ने २०१७ मध्ये तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत आणि त्यांनी सांभाळलेली मुलगी यांची कथा दाखविली, आणि मातेच्या मायेवर वर्षानुवर्षे बोलत आलेल्या त्या नाममुद्रेला ती शोभूनही दिसली. २०२२ साली उपरोक्त कौन्सिलने स्त्री-पुरुषांविषयीच्या साचेबंद चित्रणासंबंधीही मार्गदर्शक सूचना काढल्या. घरकाम ही एकट्या स्त्रीचीच जबाबदारी, असे भासविणे आता आक्षेपार्ह ठरते.

तरीही व्यापाऱ्याची भीती निराधार म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच ‘तनिष्क’ने मुस्लिम घरातील हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाची जाहिरात काढली. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. कर्मचारी व दुकानांतील माणसे यांच्या सुरक्षिततेचा विचार करून कंपनीने ती मागे घेतली. एवढ्या मोठ्या पेढीची ही गत, तर एका गाळ्याच्या दुकानदाराने काय करावे? अशी जोखीम न पत्करणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण सावळी वधू दाखविल्याने काच फुटत नाही. चष्मा लावलेली, स्थूल, पन्नाशीची स्त्री पैठणी नेसून उभी राहिली, म्हणून कोणी मोर्चा आणीत नाही. येथे अडते ते केवळ सवयीपाशी. पाटीवर ‘अँड सन्स’ लिहिलेल्या कित्येक दुकानांत आज लेकी-सुना गल्ला सांभाळतात, माल निवडतात, उधारी वसूल करतात. जाहिरातीत मात्र त्या केवळ हार घालून हसतात.

दिवाळीपूर्वी जाहिरातसंस्थेची मंडळी नमुने घेऊन येतील. चित्रात कोण असावे, हे त्यांनी सुचवायचे असले, तरी अखेर ठरवतो तो देयक चुकविणारा. तेव्हा छायाचित्रांचा गठ्ठा उघडण्यापूर्वी गेल्या दिवाळीतील बिलांची पुस्तके त्यांच्यापुढे ठेवावीत. कोणत्या वयाची, कोणत्या वस्तीतील माणसे आली, कोणी किती खरेदी केली, हे त्यांना वाचू द्यावे. आणि दुकानातील एखाद्या कर्मचाऱ्याचा वा जुन्या गिऱ्हाइकाचा चेहरा घ्यावयाचा झाल्यास त्यांची लेखी संमती घ्यावी, आणि बाहेरच्या मॉडेलला जे मानधन दिले असते, तेच त्यांनाही द्यावे.