लाठी शिकवली, बोलणे कधी शिकवणार?

‘हात जोडून दंगल शमत नसते, तिथे दंडुकाच हवा,’ असे आपल्यातली शहाणीसुरती माणसेही छातीठोकपणे सांगतात. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारातही हे मी कितीदा ऐकले आहे.

मग भिवंडीचे काय? यंत्रमागांच्या या गावात १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ साली सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. पुढाऱ्यांना दूर ठेवून साधे हिंदू आणि साधे मुसलमान एकत्र बसवले आणि त्यांना जोडण्याचे काम दिले ते साध्या शिपायाला! कालपर्यंत ज्याचा दंडुकाच तेवढा दिसत होता, त्याला वस्ती नावाने ओळखू लागली. अफवा उठली तर खरेखोटे विचारायला माणूस मिळाला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळाली. शेजारची भिवंडी शांत राहिली.

मुंबईचा हिशेब श्रीकृष्ण आयोगाने मांडला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार ९०० मृत्यूंपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात झाले. तलवार उगारून धावणाऱ्यापुढे प्रवचन करा, असे कोणीच म्हणत नाही. काही गोळ्या अटळ असतीलही. पण साऱ्याच?

जमावाला आधी पांगण्याचा आदेश द्यावा, न ऐकल्यास बळ वापरावे, असे कायदा सांगतो. आदेश आणि बळ यांच्यामधल्या त्या चार मिनिटांत शिपायाने बोलावे काय, उभे राहावे कसे, हा खरा प्रश्न आहे. हे उपजत येते असे मानणे म्हणजे नेमबाजीही उपजत येते असे मानण्यासारखे आहे.

अमेरिकेतील मेंफिस शहराने हे ओळखले, तेही एका माणसाचा जीव गेल्यावर. १९८७ साली हाती सुरी असलेल्या एका मनोरुग्ण तरुणाला तेथील पोलिसांनी गोळ्या घातल्या. लोक खवळले. पुढच्याच वर्षी मनोविकारतज्ज्ञ आणि रुग्णांचे कुटुंबीय यांना सोबत घेऊन, स्वेच्छेने पुढे आलेल्या पोलिसांसाठी ४० तासांचे प्रशिक्षण सुरू झाले. अंतर राखावे, आवाज चढू देऊ नये, एकानेच बोलावे, उत्तराची वाट पाहावी. ४० तास म्हणजे जेमतेम एका आठवड्याची हजेरी! तेवढीही सवड काढता येत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

शिपायाची नेमबाजी गुण देऊन तपासली जाते. पेटलेले भांडण ज्याने नुसत्या शब्दांनी विझवले, त्याचे गुण कोणत्या वहीत लिहायचे? बढतीच्या वेळी ती वही उघडली गेली पाहिजे, ही मागणी आपण करावयास हवी. ती करण्यापूर्वी एक कबुलीही द्यावी लागेल. चोर म्हणून पकडलेल्याला चौकात बडवणाऱ्या फौजदाराचे कौतुक आपणच करतो. दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी यांच्यासारख्यांनी मुंबईत मोहल्ला समित्यांचे काम उभे केले, तेव्हा पोलीस आणि वस्तीतली पोरे मिळून क्रिकेट खेळली. आपण मात्र शिपायाला बोलावतो ते सणाच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताला. एरवी चहाला? आमच्या वाडीत तरी कुणी बोलावल्याचे मला आठवत नाही.