रामन परिणाम फक्त २८ फेब्रुवारीपुरता नको

विज्ञान दिनाला आपल्या शाळांत काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. रामन यांचा फोटो, चार भाषणं आणि प्रश्नमंजूषेतले ठरलेले प्रश्न. शोध कधी लागला? १९२८. नोबेल कधी मिळालं? १९३०. त्या शोधाचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. माझ्या मते त्या दिवशी एक तरी उपयोग नीट उलगडून दाखवावा.

कुडाची भिंत लिंपताना मातीत गवत किंवा तूस मिसळतात, भेगा पडू नयेत म्हणून. विमानाचे भाग, सायकलच्या फ्रेमा यांतही तेच तत्त्व. एपॉक्सी राळेत कार्बनचे किंवा केव्हलारचे तंतू. राळेवरचा भार तंतूकडे जातो तो दोघांच्या सांध्यातूनच. सांधा सुटला तर तंतू कितीही मजबूत असून उपयोग नाही. (स्लॅबच्या सळईला आटे का असतात, हा प्रश्न इथेच विचारून टाकावा.)

आता अडचण बघा. कार्बनचा तंतू साधारण ७ मायक्रोमीटर जाड, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. त्याच्या कडेवरचा ताण मोजणार कसा? लेसरचा बारीक ठिपका तंतूवर टाकला की विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात ठरावीक पट्टे मिळतात. तंतू ताणला गेला की अणूंमधले बंध ताणले जातात, त्यांच्या कंपनांची वारंवारता किंचित घटते आणि पट्टा सरकतो. किती सरकला यावरून तिथला ताण कळतो. राळ पारदर्शक असेल तर ठिपका टोकापासून पुढे पुढे नेत जायचं. टोकाशी ताण जवळजवळ शून्य, मग चढत जातो, मध्यभागी सपाट होतो.

खरी गंमत पुढे आहे. सांध्यावरचा घसरवणारा ताण थेट मोजतच नाहीत! तंतूतल्या ताणाच्या आलेखाचा चढ काढायचा आणि त्याला तंतूच्या त्रिज्येच्या निम्म्याने गुणायचं. नववीत आपण वेग-काल आलेखाचा चढ काढायला लावतो, तेव्हा मुलं विचारतात, "सर, चढ कशाला काढायचा?" याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

"हे परीक्षेला नाही" असं पालक म्हणतील. नसू दे. सूत्रही लिहून देऊ नका. आलेखकागदावर ती रेषा काढून द्या आणि विचारा, सांध्यावर सगळ्यात जास्त ओढ कुठे?