वाफाऱ्याचे तारतम्य

बेळगावातील पावसाची झड असो की ग्वाल्हेरची कडाक्याची थंडी, ऋतू पालटला की घरोघरी पडसे ठाण मांडते आणि शेगडीवर पाण्याचे पातेले चढते. त्यात कोणी ओवा टाकतो, कोणी निलगिरीच्या तेलाचे थेंब. मग डोक्यावरून जाड चादर घेऊन आजारी मनुष्य त्यावर वाकतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत मोठ्यांनी टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिच्याविषयी तारतम्य हवे, आणि लहान मुलांना तर उकळत्या पातेल्यापुढे बसवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम वाफाऱ्याने काय साधते ते पाहू. पडशात नाकाची आतील त्वचा सुजते व शेंबूड दाटतो. उष्ण, दमट हवेने तो थोडा सैल होतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. हा आराम खरा, पण तात्पुरता. पडसे विषाणूंमुळे होते, आणि वाफाऱ्याने ते विषाणू नाहीसे होत नाहीत. आजार लवकर हटतो, असेही प्रयोगांतून निःसंशय सिद्ध झालेले नाही. बहुधा ७ ते १० दिवसांत पडसे आपोआपच ओसरते. २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या साथीत वाफाऱ्याने तो रोग टळतो, अशी समजूत सर्वत्र पसरली होती. तीही निराधारच होती.

आता धोक्याचा विचार करू. विज्ञानाच्या तासाला आपण अप्रकट उष्मा शिकतो. १०० अंश सेल्सियसच्या १ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेच १ ग्रॅम उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे ६३ कॅलरीच. उकळत्या पातेल्यावर तोंड धरणे का घातक, हे या आकड्यांवरून उमगेल. त्याहूनही मोठे भय पातेले लवंडण्याचे. चादरीखाली काळोख, मूल चुळबुळणारे. एका धक्क्याने सारे पाणी पोटावर व मांड्यांवर येते. मुलांची त्वचा पातळ असल्यामुळे ती क्षणात खोलवर भाजते. चार घटकांच्या आरामासाठी जन्माचा व्रण पत्करणे हा कोणता शहाणपणा?

मोठ्यांना वाफारा घ्यावयाचाच असेल, तर शेगडी बंद करून पाणी रुंद बुडाच्या, जड भांड्यात अर्धेच ओतावे. भांडे मांडीवर किंवा बिछान्यावर न ठेवता न डगमगणाऱ्या मेजावर ठेवावे. उकळी पूर्ण शमल्यावर, डोळे मिटून, तोंड वीतभर तरी दूर ठेवून ५ ते १० मिनिटे वाफ घ्यावी. झळ लागताच मागे सरावे. मुले आसपास नसावीत, आणि काम होताच पाणी ओतून टाकावे. निलगिरीचे तेल व कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतात. ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

मुलांसाठी सौम्य उपाय आहेत: पुरेशी विश्रांती, कोमट पेय, डोके किंचित उंच ठेवून झोप, आणि औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब. श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली किंवा ताप उतरेना, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

इतके करूनही कोणी भाजलेच, तर त्या जागी २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे. बर्फ, तूप, हळद, शाई किंवा दातांची पेस्ट लावू नये. चेहरा भाजला असेल किंवा भाजलेले लहान मूल असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आजीची माया पातेल्यातील वाफेत नसते. ती उशाशी बसून कपाळावरून फिरणाऱ्या हातात असते. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, हा लेख घरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि धाकट्या भावंडांना उकळत्या पातेल्यापासून दूर ठेवा.