मेहनत आपली, अंगण परक्याचे

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. टिकटॉक हे त्यांतील एक. राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता की नाही, हा निराळा विषय आहे. परंतु त्याच्या एका आर्थिक परिणामाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील कितीतरी तरुणांनी आणि गृहिणींनी आपापल्या बोलीतील चित्रफितींतून जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. दुसऱ्या कंपनीच्या दारात त्यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. मालक परका होता म्हणून असे घडले, असेही म्हणता येत नाही. कारण स्वदेशी ‘कू’ही २०२४ मध्ये बंद पडले. दोष मालकाच्या राष्ट्रीयत्वात नसून सर्व व्यवहार एकाच मालकाच्या हाती असण्यात आहे.

याला पर्याय म्हणून विकेंद्रित समाजमाध्यमे पुढे आली आहेत. जर्मनीतील ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन हे त्यांतील प्रमुख होय. कोल्हापूरच्या वाचकाला त्याची रचना समजावून सांगणे अवघड नाही. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघात गावोगावच्या संस्थांचे सभासद वेगळे, हिशेब वेगळे; परंतु त्या संघाने जोडलेल्या असतात. त्याचप्रमाणे येथे प्रत्येक संस्थेचा सर्व्हर स्वतंत्र असतो आणि समान नियमावलीमुळे एका सर्व्हरवरील सभासद दुसऱ्यावरील सभासदाशी बोलू शकतो. एक सर्व्हर बंद पडला, तरी बाकीचे चालू राहतात.

चित्रफितींसाठी फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या संस्थेने पीअरट्यूब विकसित केले. तेथे एकच चित्रफीत एकाच वेळी अनेकजण पाहत असतील, तर पाहणारेच तिचे तुकडे एकमेकांना पुरवतात आणि मूळ सर्व्हरवरील भार हलका होतो. मात्र पाहणारा एकटाच असेल, तर सारा भार सर्व्हरवरच पडतो. साठवणुकीचा खर्चही कायम राहतो. जाहिरात नाही, वर्गणी नाही, तर हा खर्च कोणी सोसायचा? स्वयंसेवकांच्या उत्साहावर चाललेली संस्था उत्साह ओसरताच बंद पडते.

दुसरी अडचण सवयीची आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यावर अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. परंतु तो लोंढा लवकरच ओसरला. जिथे सगळे असतात तिथेच प्रत्येकजण जातो, हा अशा बाजारपेठांचा स्वभावच आहे.

तिसरी अडचण जबाबदारीची. जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुरावरून कोल्हापुरात हिंसाचार झाला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. अशा वेळी विखुरलेल्या शेकडो सर्व्हरांवर लक्ष कोणी ठेवायचे, या प्रश्नाला विकेंद्रीकरणाच्या समर्थकांनी उत्तर दिले पाहिजे. लहान संस्थेचा चालक आपल्या सभासदांना ओळखतो, ही गोष्ट खरी. परंतु तो गटबाजीलाही बळी पडू शकतो. सहकारातील संचालक मंडळांचा अनुभव असलेल्या जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको.

मग मार्ग कोणता? २०११ पासून देशभर मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा ग्राहकाला मिळाली. कंपन्यांनी ती आपखुशीने दिलेली नव्हती. नियमाने ती द्यावी लागली. तोच हक्क समाजमाध्यमांवरील खातेदाराला मिळाला पाहिजे. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलताना अनुयायी बरोबर नेता येतात, जुने लेखन मात्र नेता येत नाही. म्हणजे तेथेही हा हक्क अपुराच आहे. ज्याने लिहिले, चित्रित केले आणि माणसे जोडली, त्याला हे सारे घेऊन बाहेर पडता आले, तर मक्तेदारीचा पाया आपोआप खचेल.

खर्चाचा प्रश्न सार्वजनिक संस्थांनी अंगावर घ्यावा. जर्मनीच्या केंद्रीय विदा-संरक्षण आयुक्तालयाने सरकारी कार्यालयांसाठी स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर चालवला आहे. शिवाजी विद्यापीठ किंवा १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर यांसारख्या संस्थांनी आपली व्याख्याने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे अशक्य नाही. पुस्तके जपण्यासाठी समाजाने ग्रंथालये उभारली. चित्रफितींच्या काळात तीच जबाबदारी नव्या रूपाने आपल्यासमोर आली आहे. ती परक्याच्या मर्जीवर सोडणे शहाणपणाचे नाही.